खऱ्यांची संगत

गांवच्या चावडीवर बांधाचा तंटा निघाला, किंवा उसनवारीच्या पैशाचा वाद उभा राहिला, म्हणजे पुढें काय होतें तें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्याची चूक असते त्याच्याभोंवतीं भाऊबंद, सोयरेधायरे आणि आळींतले चार शहाणे गोळा होतात. एक म्हणतो, "कबूल करूं नकोस, साफ नाहीं म्हण." दुसरा म्हणतो, "घाबरूं नकोस, आम्ही साक्षीला उभे राहतों." तो बिचारा एखादे वेळीं खरें सांगावयास तयारहि असतो, पण हे हितचिंतक त्यास खरें बोलूं देत नाहींत. पुढें खोटें उघडें पडतें, कज्जा वाढतो, वकिलाच्या पायीं शेत विकलें जातें, आणि ते चार शहाणे आपापल्या घरीं भाकरी खाऊन स्वस्थ निजतात.

यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. खोटें बोलणाऱ्याच्या मागें बहुधा त्याला खोटें बोलावयास लावणारी मंडळी असते. तसाच खरें बोलणाराहि एकटा पडला तर फार दिवस तग धरीत नाहीं. म्हणून सत्य हा एकट्यादुकट्याचा गुण नसून तें सगळ्या मंडळीनें मिळून करावयाचें काम आहे, असें आमचें मत आहे. इस्लाम धर्मांत हीच गोष्ट स्पष्ट आज्ञेच्या रूपानें सांगितलेली आहे. कुराणाच्या ९ व्या अध्यायांतील ११९ व्या आयतींत श्रद्धावंतांना दोन गोष्टी करावयास सांगितल्या आहेत: ईश्वराचें भय बाळगावें, आणि जे खरे आहेत त्यांच्याबरोबर असावें. नुसतें खरें बोला म्हणून ती आयत थांबत नाहीं. कोणाच्या संगतीला राहावें हेंहि ती सांगते. ही आज्ञा कोणत्या प्रसंगाशीं जोडलेली आहे तें पाहिलें म्हणजे तिचा अर्थ शेतकऱ्याच्या पोरालाहि सहज कळेल. तो प्रसंग आम्ही आज सविस्तर सांगतों.

इ. स. ६३० म्हणजे हिजरी सन ९ मधील ही गोष्ट. उत्तरेकडून रूमच्या बादशहाची फौज चालून येणार अशी बातमी मदिनेंत आली, आणि महंमद पैगंबरांनीं तबूक या ठिकाणीं जाण्याचा हुकूम दिला. उन्हाचा कडाका होता, वाट शेंकडों मैलांची, मध्यें रुक्ष माळरान. त्यांतच खजुराच्या बागा पिकावर आलेल्या. ऐन सुगीच्या तोंडावर घर सोडून जाणें किती जड जातें हें कुणब्याला दुसऱ्यानें सांगावयास नको! तरी पण बहुतेक लोक निघाले. या फौजेला पुढें अडचणीची फौज असेंच नांव पडलें.

मदिनेंत काब बिन मालिक नांवाचा एक गृहस्थ राहत असे. तो कवि होता, बोलण्यांत चतुर होता, आणि पैगंबर मदिनेस येण्याच्या आधीं ज्यांनीं अकबा येथें त्यांस वचन दिलें होतें त्यांपैकीं एक होता. त्या वेळीं त्याची स्थिति पूर्वीं कधीं नव्हती इतकी चांगली होती. दारीं दोन उंट होते. जाऊं नये असें त्याच्या मनांत नव्हतें. रोज सकाळीं तो तयारी करावयास निघे आणि कांहीं न करितां घरीं परत येई. आज नाहीं तर उद्यां, असें करितां करितां फौज निघून गेली. मग गांठूं म्हणाला, तेंहि राहून गेलें. गांवांत हिंडूं लागला तों त्याला दिसलें कीं मागें राहिलेले लोक एक तर खरोखर दुबळे, नाहीं तर ज्यांच्या मनांत कपट आहे असा सर्वांना संशय, अशांपैकीं होते. काब यांपैकीं कोणताच नव्हता. त्याचा दोष एवढाच, कीं त्यानें आळस केला.

तिकडे तबूक येथें पैगंबरांनीं काबची चौकशी केली. त्याच्याच कुळांतला एक जण म्हणाला कीं त्याला आपल्या कपड्यांच्या ऐटींतून सवड मिळाली नसेल. तेव्हां मुआज बिन जबल यांनीं त्या माणसास तेथल्या तेथें टोकलें आणि सांगितलें कीं आम्हांस काबविषयीं चांगल्यापलीकडे कांहीं ठाऊक नाहीं. पाठीमागें निंदा चालली असतां ती तोडणारा हा पहिला खरा सोबती. वाचकांनीं हें नांव लक्षांत ठेवावें.

लढाई झाली नाहीं. फौज परत आली. पैगंबर आपल्या रिवाजाप्रमाणें आधीं मशिदींत गेले, दोन रकात नमाज पढले, आणि लोकांना भेटावयास बसले. मागें राहिलेले ऐंशींहून अधिक लोक एकामागून एक आले. प्रत्येकानें कांहींना कांहीं सबब सांगितली, शपथा वाहिल्या. पैगंबरांनीं त्यांचें वरवरचें बोलणें मान्य केलें, आंतली गोष्ट ईश्वरावर सोंपविली, आणि त्यांस जाऊं दिलें. मग काब आला. त्याच्या डोक्यांत वाटेभर सबबी घोळत होत्या, घरच्या शहाण्या माणसांची सल्लाहि त्यानें घेतली होती. पण समोर बसल्यावर त्यानें सर्व सोडून दिलें. तो म्हणाला कीं दुसऱ्या कोणापुढें असतों तर शब्दांच्या जोरावर सुटलों असतों; पण खोटें बोलून आज आपली मर्जी राखली तर उद्यां ईश्वर आपणांस माझ्यावर रुष्ट करील; खरें हें कीं मला कांहींच अडचण नव्हती. पैगंबर म्हणाले कीं हा खरें बोलला. आतां ईश्वराचा निर्णय होईपर्यंत जा.

येथें गोष्टीचें खरें मर्म आहे. काब उठून बाहेर पडला तों त्याच्या कुळांतले लोक त्याच्या मागें धांवले. तूं असा कसा मूर्ख? याआधीं तुझ्या हातून कांहीं गुन्हा झाल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. इतरांनीं सांगितली तशी एक सबब सांगितली असतीस तर तुझें काय जात होतें? असा त्यांनीं त्याला इतका बोल लावला, इतका लकडा लावला, कीं परत आंत जाऊन आपण खोटें बोललों असें सांगावें, असें काबच्या मनांत आलें. खरें बोलून पांच मिनिटें झालीं नाहींत तों त्याचेंच रक्ताचें नातें त्याला खोट्याकडे ओढूं लागलें! आणि हे लोक त्याचे वैरी नव्हते बरें का. त्यांची माया खरी होती, सल्ला मात्र खोटी होती. आपल्या घरांत, आपल्या भावकींत असेंच घडत नाहीं काय?

काबनें त्यांस एकच प्रश्न विचारला: माझ्यासारखें आणखी कोणाचें झालें आहे काय? ते म्हणाले, होय, दोघांचें. मुरारा बिन रबी आणि हिलाल बिन उमय्या. हीं नांवें ऐकतांच काबचा पाय स्थिर झाला. तीं माणसें सचोटीचीं म्हणून सर्वांस माहीत होतीं. तीं दोघें जर खरें बोलून शिक्षा सोसावयास तयार असतील, तर माझीहि जागा त्यांच्याच रांगेंत, असें म्हणून तो पुढें चालूं लागला. त्या दोघांनीं त्याला उपदेश केला नव्हता. ते त्या ठिकाणीं हजरहि नव्हते. त्यांच्या नुसत्या नांवानें एक माणूस खोट्याच्या खड्ड्यांत पडतां पडतां वांचला. खऱ्यांच्या संगतीचा अर्थ हा असा आहे. गोड बोलणारे, पाहुणचार करणारे मित्र पुष्कळ मिळतात; पण ज्याची आठवण होतांच खोटें बोलण्याची लाज वाटते, तोच आपला खरा सोबती.

पुढें या तिघांशीं कोणीं बोलूं नये असा हुकूम झाला. दुसरे दोघे घरांत रडत बसले. काब वयानें लहान आणि मनानें घट्ट होता. तो नमाजास जाई, बाजारांत फिरे, पण कोणी त्याच्याशीं शब्द बोलेना. एके दिवशीं तो आपला चुलतभाऊ अबू कतादा याच्या बागेची भिंत चढून आंत गेला. सर्व माणसांत हा त्याचा अधिक आवडता. त्यानें सलाम केला, उत्तर आलें नाहीं. माझी ईश्वरावर आणि पैगंबरांवर प्रीति आहे हें तुला ठाऊक नाहीं काय, असें त्यानें पुन्हां पुन्हां विचारलें. शेवटीं तो भाऊ एवढेंच म्हणाला कीं ईश्वर आणि त्याचा प्रेषित जाणे. काबच्या डोळ्यांना पाणी आलें आणि तो भिंत उतरून परत गेला.

अशा वेळीं मोह येतो तो बरोबर येतो. सिरियाकडचा एक शेतकरी धान्य विकावयास मदिनेच्या बाजारांत आला होता. त्याच्याजवळ गस्सानच्या राजाचें काबच्या नांवें पत्र होतें. तुझ्या माणसांनीं तुला टाकलें असें ऐकतों. तूं मानहानि सोसणारा माणूस नाहींस. आमच्याकडे ये, आम्ही तुझा परामर्ष घेऊं, असा त्यांतला आशय. काबनें तें पत्र नेऊन चुलाण्यांत जाळलें. आपल्या माणसांनीं तोंड फिरविलें असतां परका राजा मानाचें पान मांडतो, आणि तरीहि तें पान जो लाथाडतो, त्याला सत्याची चाड किती असेल! रुसलेल्या माणसाला फोडावयास असे राजे प्रत्येक काळीं टपलेले असतात, हेंहि येथें ध्यानांत ठेवावें.

चाळीस दिवसांनीं बायकांपासूनहि दूर राहण्याचा हुकूम आला. काबनें पत्नीला माहेरीं पाठविलें. हिलाल अगदीं म्हातारा होता, म्हणून त्याच्या बायकोला त्याची सेवा करण्याची परवानगी मिळाली. पन्नासाव्या दिवशीं पहांटेची नमाज करून काब घराच्या धाब्यावर बसला होता. इतक्यांत सलअ नांवाच्या टेंकडीवरून कोणी ओरडला कीं काब, आनंद कर! क्षमा झाली होती. हांक देणाऱ्याला काबनें अंगावरचीं दोन्ही वस्त्रें बक्षीस दिलीं, आणि स्वतः उसनीं वस्त्रें नेसून मशिदीकडे निघाला, कारण त्याच्याजवळ दुसरीं नव्हतीं. मशिदींत शिरतांच तल्हा बिन उबैदुल्ला उठून धांवत आले, त्यांनीं हात हातांत घेतला आणि त्याचें अभिनंदन केलें. तल्हांची ती धांव काब जन्मभर विसरला नाहीं. आनंदाच्या भरांत त्यानें आपली सारी मालमत्ता दान करण्याचें बोलून दाखविलें. पैगंबरांनीं त्यास कांहीं भाग स्वतःकडे ठेवण्यास सांगितलें. या तिघांच्या क्षमेची आयत ती ११८ वी, आणि तिच्या लगतची ११९ वी म्हणजे खऱ्यांबरोबर राहण्याची आज्ञा. हे खरे कोण याविषयीं पंथापंथांत मतभेद आहेत. शिया विद्वान त्यांत आपल्या इमामांचा निर्देश पाहतात. आम्ही येथें त्या वादांत शिरत नाहीं.

ही सगळी हकीकत आपणांस कोणाकडून मिळाली? खुद्द काबकडून. म्हातारपणीं त्याची दृष्टि गेली होती; त्याचा मुलगा हात धरून त्यास नेत असे, आणि त्या मुलाला त्यानें आपल्या चुकीची ही गोष्ट स्वतः सांगितली. ती बुखारी आणि मुस्लिम यांच्या संग्रहांत आहे. बापानें पोरापुढें आपला मोठेपणा न सांगतां आपला आळस सांगावा, हें किती घरांत घडतें?

येथें कोणी विचारील, कीं ऐंशीं खोटे मोकळे सुटले आणि तीन खरे भरडले गेले, हा कोठला न्याय? आमचें उत्तर असें. खोट्यांना मोकळें सोडलें याचा अर्थ त्यांच्यावर कोणाची आशाच उरली नव्हती. सोनें भट्टींत घालतात, कोळसा कोणी शुद्ध करीत बसत नाहीं. ज्यानें दोष कबूल केला त्याच्याचबरोबर हिशेब करतां येतो, आणि हिशेब पुरा झाला म्हणजे त्यालाच उराशीं धरतां येतें.

दुसरी शंका अधिक महत्त्वाची आहे. मग ही गोष्ट आमच्याकडील वाळीत टाकण्याला आधार देते काय? मुळींच नाहीं. त्या तिघांचें घर, शेत, पाणी कोणीं तोडलें नाहीं. बाजार आणि मशीद त्यांस उघडी होती. दोष त्यांनीं स्वतः कबूल केलेला होता, कोणीं त्यांच्यावर लादलेला नव्हता. परत येण्याचें दार उघडें होतें, आणि तें उघडतांच सारें गांव आनंदलें. शिवाय ज्यांच्या मुखांतून निर्णय आला त्यांस ते तिघेहि ईश्वराचे प्रेषित मानीत होते; आज कोणत्याहि पंचाला, मुल्लाला किंवा भटाला तो अधिकार सांगतां येणार नाहीं. आमच्याकडे जातपंचायतींनीं लग्नावरून, मतावरून, रुपयांवरून कुटुंबेंच्या कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या वाळीत टाकलीं. मुंबई प्रांतांत १९४९ सालीं याविरुद्ध कायदा झाला, पण दाऊदी बोहरा पंथाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं तो रद्द ठरविला. शेवटीं महाराष्ट्रानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला व तो २०१७ पासून अंमलांत आला. वाळीत टाकणें हा गुन्हा आहे. खऱ्यांची संगत धरणें याचा अर्थ दुसऱ्याचा हुक्कापाणी बंद करणें असा जो काढील, त्यानें काबची गोष्ट अर्धीच ऐकली.

आतां हा धर्म मशिदीबाहेर बाजारांत कसा उतरला तें पाहा. एकदां पैगंबरांनीं बाजारांत धान्याच्या राशींत हात घातला, तों आंतलें धान्य ओलें लागलें. विकणारा म्हणाला कीं पाऊस लागला. तेव्हां पैगंबरांनीं त्यास विचारलें कीं मग ओलें वर कां ठेविलें नाहींस, म्हणजे लोकांना दिसलें असतें. आणि फसविणारा आमच्यांतला नव्हे असें बजावलें. कुराणांतली सर्वांत लांब आयत म्हणतात ती दुसऱ्या अध्यायांतली २८२ वी. तींत काय आहे? कर्जाचा कागद कसा करावा तें आहे! मुदतीचें कर्ज लहान असो वा मोठें, तें लिहून ठेवावें. लिहिणाऱ्यानें न्यायानें लिहावें. मजकूर कर्ज घेणाऱ्यानें सांगावा. तो दुबळा असेल तर त्याच्या पालकानें सांगावा. साक्षीदार असे असावेत कीं ज्यांच्याविषयीं समाधान आहे. आणि लिहिणारास व साक्षीदारास कोणीं इजा करूं नये. आमच्या आज्यापणज्यांच्या काळीं सावकार सांगे, कारकून लिही, आणि कुणबी न वाचतां अंगठा उठवी. १८७५ सालीं सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं ते कागद कां जाळले, हें ज्यास कळतें त्यास या आयतीची किंमत वेगळी सांगावयास नको. खरा लेखक आणि खरा साक्षीदार हाताशीं नसेल, तर गरिबाचें खरेपण त्याच्या कामीं येत नाहीं. म्हणूनच संगतीची निवड हें सामाजिक कर्तव्य होय.

पैगंबरांच्या नांवें एक दृष्टांतहि प्रसिद्ध आहे: चांगला सोबती कस्तुरी विकणाऱ्यासारखा, वाईट सोबती भाता फुंकणाऱ्यासारखा, एकाजवळ बसल्यानें कांहीं विकत न घेतलें तरी सुवास मिळतो, दुसऱ्याजवळ कपडा जळतो किंवा धूर तरी लागतो. आमच्या लोहार बंधूंनीं यांत आपला अपमान मानूं नये. भात्याच्या धंद्याला तेथें कमी लेखलेलें नाहीं. जवळ बसणाऱ्याला लागणारी झळ तेवढी दाखविली आहे. ठिणगी कशी उडते हें लोहाराइतकें दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

खरा सोबती आपल्याच जातीचा, आपल्याच धर्माचा असावा असाहि नियम नाहीं. जोतीराव फुले यांस लहानपणीं दुसऱ्यांच्या सांगण्यावरून शाळेंतून काढण्यांत आलें होतें. त्यांचे वडील गोविंदराव यांस शेजारीं राहणारे गफारबेग मुनशी आणि लिजिटसाहेब यांनीं समजाविलें कीं मुलगा हुशार आहे, त्यास पुन्हां शाळेंत घाला; आणि १८४१ सालीं तें झालें. गोविंदराव माळी, मुनशी मुसलमान, साहेब ख्रिस्ती. शिकून काय करावयाचें आहे म्हणणाऱ्यांचें ऐकावें कीं खरें सांगणाऱ्या शेजाऱ्यांचें, एवढाच प्रश्न त्या बापापुढें होता. त्यानें खऱ्यांचें ऐकलें. पुढें १८७३ सालीं त्याच मुलानें ज्या समाजाची स्थापना केली त्याच्या नांवांतच सत्य आहे.

तेव्हां शेतकरी आणि कारागीर बंधुभगिनींनो, काबची गोष्ट ऐकून तुम्ही त्यांतील कोण होणार हें ज्याचें त्यानें ठरवावें. आपला माणूस खरें बोलून बाहेर आला असतां त्याच्यामागें धांवून त्याला खोट्याकडे ओढणारे ते भाऊबंद व्हावयाचें काय? तसें तर आपण रोजच होतों. पाठीमागें निंदा चालली असतां तोंड उघडणारे मुआज व्हा. ज्यांच्या नांवानें दुसऱ्याचा पाय स्थिर होईल असे मुरारा आणि हिलाल व्हा. आणि ज्यानें खरें बोलून शिक्षा भोगली तो परत आला म्हणजे, लोक काय म्हणतील हें न पाहतां, तल्हांसारखे उठून त्याचा हात धरा. बांधाच्या पुढच्या तंट्याला गांवांत असे चारच लोक निघाले, तरी कित्येक शेतें विकावयाचीं वांचतील.